लालबागच्या मेळ्यात, गोळीशिवाय

इंदूरला जाऊन आले असं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, सराफ्यात जाऊन खाल्लंस की नाही. नाही खाल्लं. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्या पायऱ्यांसमोर जो खाण्याचा बाजार भरतो, ज्याच्यासाठी लोक कुठून कुठून तिथे जातात, तो मी पाहिलाच नाही. मी गेले होते व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनाला, आणि तिथला माझा बराचसा वेळ घाबरण्यात गेला. तरी सांगण्यासारखं पुष्कळ आहे. आमच्या कराडातून तिथे दुसरं कुणी गेल्याचं ऐकिवात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

घाबरण्याचं कारण आधीच सांगून टाकते. मला फिट येते. पहिली कॉलेजात असताना आली, नंतरची चुलत बहिणीच्या हळदीला, भर मांडवात. शेवटची येऊन तीन वर्षं होऊन गेली. सकाळ-संध्याकाळ गोळी घ्यायची आणि रात्री नीट झोपायचं, एवढं पाळलं की मी चारचौघींसारखीच असते. पण आमच्या घरात हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आईचं धोरण. स्थळं यायची असतात, शेजारपाजार असतो. कुणी विचारलंच तर आई सांगते, तिला अशक्तपणा आहे, चक्कर येते.

गंमत अशी की फिट येते तेव्हा काय होतं हे सगळ्यांना ठाऊक, फक्त मला नाही. मी जागी होते तेव्हा जीभ दुखत असते, अंगावर दुसरेच कपडे असतात आणि नाकात कांद्याचा आणि चपलेचा वास भरलेला असतो. कुणीतरी कांदा फोडून हुंगवलेला असतो, कुणीतरी पायातली चप्पल. मधे काय झालं म्हणून विचारलं तर आई म्हणते, काही नाही, पडलीस जराशी. मग मी पुढे विचारत नाही.

मी लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये डिझाइन करते. दिवसभर गणपती आणि सनई-चौघडे इकडून तिकडे सरकवले की संध्याकाळी तासभर गेम खेळते. गेम एकच. पुरात बुडालेलं एक मोठं शहर आहे, त्यात आपण एक होडी वल्हवत फिरायचं, होडीच्या टोकाला एक कंदील, आणि गच्च्यांवर अडकलेली माणसं शोधून त्यांना कोरड्यावर आणायचं. मारामारी नाही, धावपळ नाही. आम्ही मराठी खेळणारे त्याला नुसतं ‘होडी’ म्हणतो. मी खेळत असताना आई माझ्या मागे पाटावर लसूण सोलत बसते. एवढा लसूण आमच्या घरात कुणी खात नाही. मला तिचा फार राग यायचा.

यंदा होडीचा दुसरा भाग येणार होता आणि तो इंदूरच्या प्रदर्शनात पहिल्यांदा खेळायला ठेवणार होते. त्याची झलक मी फोनवर पाहिली होती. त्यात वादळ होतं आणि विजा होत्या. पडदा पांढराफटक व्हायचा, काळा व्हायचा, पुन्हा पांढरा. पाहता पाहता मी फोन उलटा ठेवला होता. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तुझी तपासणी करताना डोळ्यांसमोर दिवे लुकलुकवले होते, तेव्हा काही निघालं नव्हतं. तुझा खरा शत्रू म्हणजे चुकलेली गोळी आणि बुडालेली झोप. जा, पडद्याला नाक लावून बसू नकोस आणि कसंतरी व्हायला लागलं तर एक डोळा तळहातानं झाकून बाजूला हो. आई म्हणाली, फोटोतच बघ की. शेवटी तिच्या मावसबहिणीचं, सुधामावशीचं घर इंदूरला आहे म्हणून होकार मिळाला. पण अट घातली. त्यांना यातलं काही कळता कामा नये, तिच्या सासरच्या गोतावळ्यात बोभाटा व्हायचा.

म्हणून निघण्याआधी मी एक शहाणपणा केला. गोळ्यांच्या पाकिटावर नाव असतं, आणि नाव फोनवर टाकलं की रोग कळतो. मी सगळ्या गोळ्या पाकिटातून काढून एका कागदाच्या पुडीत बांधल्या.

राजेंद्र नगर

पुण्याहून रात्रीच्या गाडीत झोप लागली नाही. बुडालेल्या झोपेचा हिशेब करत, आता येते की मग येते म्हणत इंदूर आलं. स्टेशनवर मावशीचे यजमान, म्हणजे काका, स्कूटर घेऊन हजर होते. काकांचे आजोबा इथल्या कापडाच्या मिलमध्ये कारकून म्हणून आले ते इथलेच झाले. काका वीज खात्यातून निवृत्त. बोलणं मराठी, पण अर्ध्या वाटेवर हिंदी भेटली की तिचा हात धरून पुढे जाणारं. माझी बॅग पुढ्यात घेत ते म्हणाले, “पहिले पोहे खाऊ, बाकी सगळी बातचीत नंतर.”

पोह्यांबद्दल लिहायलाच हवं. आपण पोहे परततो, तिथे ते वाफवतात. चवीला किंचित गोड, वर मूठभर शेव, कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे आणि जिरावण नावाचा एक आंबट-तिखट मसाला. सोबत सकाळी सकाळी गरम जिलबी. खोबरं नाही म्हणून मी जरा शोधक नजरेनं बघितलं, तर गाडीवाल्यानं मला शेव कमी पडली असं समजून आणखी एक मूठ टाकली. इंदूरमध्ये शेव नको म्हणायची सोय नाही.

राजेंद्र नगरातल्या घरी गेल्यावर मावशीनं मला मिठी मारली आणि लगेच कचऱ्याचे डबे दाखवले. आपल्याकडे पाहुण्याला आधी देवघर दाखवतात. तिथे ओला कचरा, सुका कचरा, प्लास्टिक, जुन्या बॅटऱ्या-वायरी, आणि एक लाल झाकणाचा डबा फुटक्या काचा, ब्लेड, तारीख उलटलेली औषधं असल्या धोक्याच्या वस्तूंचा. रोज सकाळी गाणं वाजवत गाडी येते, आणि गाडीवरचा माणूस डबे बघून घेतो. चुकीच्या डब्यात चुकीची वस्तू दिसली तर गल्लीसमोर बोलून दाखवतो. मावशीला आजवर कुणी बोललेलं नाही. हे सांगताना तिचा चेहरा लेकाचा पहिला नंबर सांगावा तसा झाला होता.

संध्याकाळ झाली तशी काकांनी सराफ्याचा बेत मांडला. अकराला निघू, एक-दीडपर्यंत खाऊ, गरमागरम गराडू, म्हणजे तळलेला कंद, भुट्ट्याचा कीस, हाताएवढी जिलबी. मला आदल्या रात्रीची झोप नव्हती आणि आता ही रात्रही जाणार होती. मी सांगितलं, पोट बिघडलंय. काकांचा चेहरा उतरला. मावशीनं ओव्याचं पाणी माझ्या हातात दिलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. इंदूरच्या माणसाच्या घरी येऊन सराफ्याला नाही म्हणणं म्हणजे पंगतीतून उठून जाणं आहे, हे मला नंतर कळलं. मी पुडी उशाजवळच्या खिडकीत ठेवली, गोळी घेतली आणि आडवी झाले. झोप मात्र चांगली लागली.

सकाळी आंघोळ करून आले तर खोली लख्ख झाली होती. चादर घडी घातलेली, खिडकी पुसलेली. खिडकीत पुडी नव्हती. बाहेरून गाडीचं गाणं लांब जात असलेलं ऐकू येत होतं.

मी मावशीला विचारलं, इथे एक पुडी होती. ती ओट्यावर कांदा चिरत म्हणाली, “ती ना, खुल्या गोळ्या होत्या बघ. ना नाव, ना तारीख. एक्सपायर असणार म्हणून लाल डब्यात टाकून दिल्या. कागद सुक्यात टाकला.” मग मान वर करून, “काही कामाच्या होत्या का गं?”

त्या क्षणी खरं बोलले असते तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण आईची अट, आणि चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, छे, नुसत्या पोटाच्या होत्या. तेवढ्यात आईचाच फोन आला. गोळी घेतलीस का, हा तिचा रोजचा पहिला प्रश्न. घेतली, असं मी सांगितलं आणि फोन ठेवला.

चिठ्ठीशिवाय ते औषध मिळत नाही. चिठ्ठी कराडला फायलीत. ती मागायची तर आईला सांगायला हवं, आणि आईला सांगितलं की पुढची गाडी पकडून घरी. एवढ्या लांब येऊन होडी न पाहता परतायचं हे मला सहन होईना. मी स्वतःला समजावलं, एका वेळेची चुकली तर काय होतंय. काय होतंय ते मला चांगलं ठाऊक होतं.

लालबाग

काका सोबत आले. मुलीच्या जातीनं एकटं कशाला जायचं, हे वर आणि मी पण बघेन की काय चीज आहे, हे आत. लालबाग या इंदूरच्या जुन्या राजवाड्याच्या मैदानावर दरवर्षी हातमागाचे, लोणच्या-पापडाचे मेळे भरतात, म्हणून काकांनी सवयीनं एक मोठी कापडी पिशवी घेतली होती. राजवाड्याच्या बाजूच्या मैदानात पांढरे वातानुकूलित तंबू उभे केले होते, एकेक आमच्या एसटी स्टँडएवढा. बाहेर पावभाजीचा तवा आणि आत परदेशी कंपन्या.

हे प्रदर्शन मुळात धंद्याचं. गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे घातलेली मंडळी काचेच्या खोल्यांत बसून करार करतात, गेम विकत घेणारे, विकणारे, बनवणारे. आमच्यासारख्या नुसत्या चाहत्यांना एका बाजूचं दार आणि रांगा. आत पाऊल टाकलं आणि आवाज छातीवर आदळला. प्रत्येक दालनाचं आपापलं संगीत, आपापले स्फोट, भिंतीएवढे पडदे. कुणी चिलखत घालून फिरतंय, कुणाला पंख आहेत. एरवी मी नाचले असते. पण त्या दिवशी मला फक्त दिवे दिसत होते. छताला फिरते दिवे, रंगमंचावर लुकलुकणारे दिवे, कॅमेऱ्यांचे दिवे. मी खाली जमिनीकडे बघत चालले होते. जमिनीवरही रंगीत ठिपके पळत होते.

काका मात्र खुशीत. एका दालनात त्यांनी डोळ्यांवर चढवायचा चष्मा लावून पाहिला आणि समोरच्या हवेला हात जोडले. दुसऱ्या दालनात जाऊन विचारलं, भिया, म्हणजे इंदुरी भाऊ, हा गेम विकून तुमचं घर चालतं का. गळ्यात पट्टा असलेल्या तिथल्या तरुणानं खरं उत्तर दिलं, अजून तरी नाही चालत. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

होडीच्या दालनासमोर लांब रांग होती. शेजारीच मोठा रंगमंच, आणि तिथला पांढरा झोत ठरावीक वेळानं आमच्या अंगावरून जायचा. तो आला की मी एक डोळा तळहातानं झाकायची. काकांनी दोनदा विचारलं, डोळ्यात काही गेलंय का. मी हो म्हटलं. बोटांत मुंग्या येतायत असं वाटत होतं, तोंडाला धातूची चव येतेय असं वाटत होतं. या खऱ्या खुणा की भीतीच्या, ते मला ओळखता येत नव्हतं. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझा ब्रह्मराक्षस माझ्याच डोक्यात बसलेला आणि त्याला रोखणाऱ्या गोळ्या इंदूरच्या लाल डब्यात.

माझ्या पुढे एक गृहस्थ उभे होते. होडीतल्या नावाड्याचा पिवळा रेनकोट घातलेला, हातात खराखुरा कंदील. नाव कमलेश. इंदूरजवळच्या सांवेरला त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, सोयाबीनचा हंगाम संपला म्हणून सवड काढून पहिल्या बसनं आले होते. घरी बायकोला सांगितलंय की पार्टस् आणायला चाललोय. आम्ही दोघं होडीबद्दल जे बोलायला लागलो ते थांबेचना. घड्याळाच्या मनोऱ्यावरच्या म्हातारीला तुम्ही कसं उतरवलंत, असं त्यांनी विचारलं. मी सांगत होते, आणि जरा वेळ भीती विसरले होते.

मी बोलत असतानाच त्यांची नजर माझ्यावरून सुटली. मान एका बाजूला वळायला लागली, कुणी हाक मारल्यासारखी. कंदील हातातून पडला. मग घशातून एक आवाज आला, माणसाचा वाटत नव्हता, आणि ते उभ्या उभ्या मागे कोसळले.

रांग फुटली. कुणी ओरडलं, मिरगी है, जूता सुंघाओ. कुणी त्यांचे हात दाबून धरले, कुणी मुठीत किल्ल्या कोंबायला लागला, एक जण दातांत घालायला पेन काढत होता. काका वाकले होते आणि त्यांच्या हातात त्यांची चप्पल होती. चांगल्या मनानं काढलेली, घाईनं काढलेली. ती नाकाजवळ चाललेली मी पाहिली आणि माझ्या नाकात तो वास आला.

“काका, चप्पल पायात घाला.” माझा आवाज इतका मोठा निघेल असं मला वाटलं नव्हतं. “पिशवी द्या ती. आणि घड्याळ बघा, कधी थांबतंय ते.”

पिशवी घडी करून डोक्याखाली सरकवली. हात धरलेल्यांना सोडायला लावलं. पेनवाल्याला मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. कंदील बाजूला केला, गळ्याशी रेनकोटची बटणं उघडली, झटके जरा सैल झाल्यावर कुशीवर वळवलं. हे सगळं डॉक्टरांनी माझ्या घरच्यांसाठी दिलेल्या कागदावर आहे, मला पाठ आहे. पण कागदावर ते दिसत नाही. मी ते पाहिलं. निळे पडलेले ओठ, उघडे पण आत कुणी नसलेले डोळे, टाचा जमिनीवर आपटत होत्या आणि थांबत नव्हत्या. तोंडातून फेस, त्यात रक्ताची रेघ. मग पँट ओली झाली, आणि मी रेनकोटचा घोळ ओढून त्यांच्या मांडीवर घातला, कुणाला दिसायच्या आत. आणि तेव्हा मला कळलं की माझ्या अंगावर दुसरे कपडे का असायचे, आणि ते कुणी बदलले होते.

मला दोन प्रकारची भीती वाटत होती, एक या माणसासाठी, एक माझ्यासाठी, आणि दोन्ही एकाच ठिकाणी येऊन पडल्या होत्या.

झटके थांबले. काकांनी वेळ सांगितली, फार नव्हती, मला मात्र दुपार सरल्यासारखं वाटलं. प्रदर्शनाचे डॉक्टर स्ट्रेचर घेऊन पोचले तेव्हा कमलेश नुकते डोळे उघडत होते. शुद्धीवर येताना मला जे ऐकायला हवं असायचं आणि कुणी कधी म्हणालं नाही, ते मी त्यांना म्हटलं, “लालबाग में हो आप. दौरा आया था, अब चला गया.” त्यांनी हातानं आजूबाजूला कंदील चाचपला. मग म्हणाले, “मेरा नंबर तो नहीं चला गया?”

त्यांना रुग्णवाहिकेतून नेलं. त्यांचा धाकटा भाऊ सांवेरहून निघाला होता. होडीच्या दालनातल्या मुलीनं कंदील उचलून काउंटरवर ठेवला.

झाडाखाली, मग दुकानात

मैदानाच्या कडेला झाडाखाली आम्ही दोघं बसलो. काकांनी दोन कप चहा आणला. ते कितीतरी वेळ आपल्या चपलांकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, “बेटा, हे सगळं तुला कुणी शिकवलं?”

“मलाही येते, काका. फिट.” हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा नातेवाइकासमोर उच्चारला. मग बाकीचं आपोआप आलं. अट, पुडी, लाल डबा, सराफा, पोट बिघडलं नव्हतं ते.

काकांनी कप खाली ठेवला. “म्हणजे सकाळपासून बिनागोळीची फिरतेस?” त्यांच्या चेहऱ्यावर मला कीव दिसेल अशी भीती होती. दिसली ती धास्ती. उठत ते म्हणाले, “चल. पहिले औषध. रडायचं असेल तर स्कूटरवर रड.”

माझ्या डॉक्टरांना वाटेतच फोन लागला, पण ते दवाखान्यात नव्हते, नवी चिठ्ठी पाठवू शकत नव्हते. गोळी मिळाल्याबरोबर घे, पुढची नेहमीच्या वेळेला, आणि आज खेळ नको, झोप, असं त्यांनी सांगितलं. राजेंद्र नगरातला औषधवाला काकांच्या ओळखीचा, पण चिठ्ठीशिवाय त्यानंही हात वर केले, आणि ते बरोबरच होतं. म्हणजे आईला फोन करणं आलं. दुकानाच्या पायरीवर उभी राहून मी तो केला. त्या दिवसातली सगळ्यात मोठी भीती मला त्या पायरीवर वाटली.

“आई, आज एकाला फिट आली. माझ्यासमोर.”

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

“त्याची आई होती का गं तिथे?” आईनं विचारलं.

“नव्हती. मी होते.”

“सगळं बघितलंस?”

“सगळं.”

“मग आता तुला ठाऊक झालं,” आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. बारा वर्षं हे ती एकटी बघत आली होती आणि आता आम्ही दोघी झालो होतो. मला लसणाच्या पाकळ्या आठवल्या आणि मी दुकानासमोर उभी राहून रडले. सकाळची गोळी घेतली नव्हती, खोटं बोलले, हेही सांगितलं. ये परत, असं ती म्हणेल याची वाट बघत होते. ती म्हणाली, चिठ्ठीचा फोटो पाठवते, दुकानातून हलू नकोस, आणि सुधाला मी फोन करते.

मावशीला सगळं कळलं तेव्हा ती माझ्यावर चिडली. डोळ्यांत पाणी आणि आवाज चढलेला. “कचऱ्यासारखं बांधून ठेवशील तर कचऱ्यातच जाईल ना! मी काय तुझी दुश्मन आहे?” तिनं नव्या गोळ्या एका स्टीलच्या डबीत ठेवल्या, पाकिटासकट, डबीवर मार्करनं माझं नाव घातलं, आणि ती डबी देवघरातल्या फळीवर ठेवली. अगरबत्ती लावताना सकाळ-संध्याकाळ दिसेल म्हणाली. त्या संध्याकाळी उजेड असतानाच भुट्ट्याचा कीस आमच्या ताटात आला, दुधात शिजवलेला, वर शेव. काका बाजारातून गराडू घेऊन आले होते. सराफ्याइतकं नाही, असं दोघं तीनतीनदा म्हणाले. जेवून मी लवकर झोपले आणि मावशीनं खोलीचं दार उघडं ठेवलं.

पुन्हा लालबाग

दुसऱ्या दिवशी जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. गोळी पोटात होती, झोप झाली होती, डॉक्टरांनी बघ थोडं, पण जपून, असं सांगितलं होतं, तरी डोळे मिटले की त्या टाचा दिसत होत्या. काकांनी विचारलं, काय करायचं असतं ते मला पुन्हा सांग. मी सांगितलं. त्यांनी मावशीला सोफ्यावर कुशीवर वळवून सराव केला. मावशी म्हणाली, पुरे, पाठ मोडली माझी. त्यानंतर मी घरी बसणं शक्यच नव्हतं.

दालनातल्या मुलीनं मला ओळखलं. कमलेश ठीक आहेत, त्यांच्या भावाचा फोन आला होता, असं तिनं सांगितलं. कंदील काउंटरवरच होता. काकांनी तो कापडी पिशवीत घातला, सांवेर इथून काय लांब आहे, मी देऊन येईन म्हणाले. त्यांच्या बायकोला पार्टस् म्हणून सांगू, असंही म्हणाले.

माझा नंबर आला. मी खुर्ची पडद्यापासून मागे ओढली. कानांवर हेडफोन लावले नाहीत, काकांचा आवाज ऐकू यावा म्हणून. गेम सुरू व्हायच्या आधी काळ्या पडद्यावर बारीक पांढऱ्या अक्षरांत एक सूचना येते. सगळ्याच गेमना येते आणि सगळेच जण बटण दाबून ती पुढे ढकलतात. मीही आजवर कधी ती शेवटपर्यंत वाचली नव्हती, लाज वाटायची. त्या दिवशी मी वाचायला लागले. लुकलुकत्या प्रकाशानं काही लोकांना फिट येऊ शकते, तुम्हाला किंवा घरात कुणाला असा त्रास असेल तर, असं बरंच होतं.

मागची मुलं चुळबुळायला लागली. एक जण म्हणाला, मॅडम, इसको स्किप करते हैं.

“रुको भिया,” काका म्हणाले. “पढ़ने दो उसको.”

मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. पडद्यावर पाणी आलं, अंधार आला, होडीच्या टोकाला कंदील लागला. क्षितिजावर, अजून लांब, पहिली वीज चमकली. मी मागे वळून पाहिलं. काका माझ्यामागे उभे होते, चप्पल पायात, घडी केलेली पिशवी काखेत, आणि मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलेलं. मी वल्हं मारलं.